माझा पत्रव्यवहार ईमॅक्समध्ये

रोज येणाऱ्या मेलपैकी बहुतेक मेल नजर टाकून बाजूला काढण्याजोगे असतात. उरलेल्या थोड्यांना मात्र उत्तर द्यायचे असते, आणि ते उत्तर म्हणजे विचार करून, शब्द निवडून, दोनदा वाचून पाठवण्याचा मजकूर असतो. माझे बाकीचे सगळे लेखन, म्हणजे टिपणे, मसुदे, प्रोग्रॅम आणि हा ब्लॉगसुद्धा, ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये होते. त्याच्या कळा बोटांना पाठ आहेत, परिच्छेद हलवणे, शब्द शोधणे, चार ओळींआधीचे वाक्य परत आणणे यासाठी मला विचार करावा लागत नाही. असे असताना केवळ ईमेल आहे म्हणून ते उत्तर ब्राउझरच्या कोपऱ्यात उघडणाऱ्या लहानशा चौकटीत लिहावे, हे मला पटेना. म्हणून मी मेलच ईमॅक्समध्ये आणला, आणि ही व्यवस्था आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटते. ती उभारताना काही खटाटोप करावा लागतो आणि काही ठिकाणी ती अपुरी पडते. तेही इथे येईल.

एडिटरमध्ये मेल ही कल्पना नवी किंवा विक्षिप्त नाही. ईमॅक्सचा जन्म १९७६चा, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी नव्याने लिहिलेले ग्नू ईमॅक्स १९८५ साली लोकांसाठी खुले झाले, आणि त्यात आरमेल नावाचा मेल वाचण्याचा कार्यक्रम पूर्वीपासून आहे. मुळात ईमेलचा साचाच मजकुराचा आहे. १९८२च्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजात तो ज्या रूपात मांडला गेला ते रूप आजही ओळखता येते: वर हेडरच्या ओळी, प्रत्येक ओळीत आधी नाव, मग अपूर्णविराम आणि मग मूल्य, त्यानंतर एक कोरी ओळ, आणि त्याखाली मजकूर. चित्रे, अटॅचमेंट, इंग्रजीखेरीज इतर लिप्या हे सारे १९९२मध्ये आलेल्या माइम या मानकामुळे शक्य झाले, पण त्यानेही मूळ साचा मोडला नाही; जे काही पाठवायचे ते मजकुराच्या वेशात पाठवण्याची सोय तेवढी केली. मेल ही अशी साधी मजकुराची फाइल आहे हे एकदा नीट उमगले, की तिच्यावर एडिटरमध्ये काम करण्यात काही वावगे वाटत नाही.

उत्तर लिहिताना प्रत्यक्षात काय घडते ते आधी सांगते, कारण या व्यवस्थेचे खरे मोल तिथेच आहे. मी मेल वाचत असते, उत्तराची कळ दाबते, आणि एक बफर, म्हणजे ईमॅक्समधला मजकुराचा एक स्वतंत्र कागद, उघडतो. त्यात वर पत्ता व विषय, मग हेडर आणि मजकूर यांना वेगळे करणारी एक ठरावीक ओळ, आणि खाली मूळ मेलचा मजकूर, प्रत्येक ओळीच्या आरंभी > हे चिन्ह लावलेला. समोरच्याने चार मुद्दे मांडले असतील तर पहिल्या मुद्द्याच्या शेवटी कर्सर नेऊन ऑल्ट आणि एंटर दाबायचे. उद्धृत मजकूर तिथे दुभंगतो, मधे मोकळी जागा होते, आणि उरलेल्या भागाची चिन्हे व ओळी आपोआप नीट लागतात. ज्या परिच्छेदाला उत्तर द्यायचे नाही तो निवडून एका आज्ञेने काढला, की त्याच्या जागी कंसातली तीन टिंबे उरतात आणि काहीतरी गाळले आहे हे वाचणाऱ्याला कळते. मुद्द्याखाली मुद्द्याचे उत्तर लिहिण्याची ही पद्धत वेबवरच्या मेलमध्ये जवळपास नामशेष झाली आहे, आणि त्याचे कारण लोकांचा आळस हे नसून तिथे ती पाळणे त्रासाचे आहे, असे माझे मत आहे. साधन हाताला सोपे झाले की माणसे नीट उत्तरे लिहितात.

अटॅचमेंटचीही अशीच गंमत आहे. फाइल जोडली की मजकुरात कोनी कंसातली एक ओळ उमटते, जिच्यात फाइलचा प्रकार आणि डिस्कवरचा मार्ग लिहिलेला असतो. ही ओळ म्हणजे साधा मजकूर. ती कापून दुसरीकडे चिकटवता येते, खोडता येते, तिच्यातला मार्ग हाताने बदलता येतो. पाठवण्याच्या क्षणी एडिटर तिचे रूपांतर खऱ्या अटॅचमेंटमध्ये करतो. आणि हे सारे मजकूरच असल्यामुळे त्यावर पहारा बसवणेही सोपे जाते. माझ्या सेटिंगच्या फाइलीत लिस्प या ईमॅक्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या काही ओळी आहेत: पाठवण्याआधी मजकुरात ‘सोबत जोड’ ही अक्षरे कुठे आली आहेत का ते पाहायचे, > चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी त्यातून वगळायच्या, कारण ते शब्द समोरच्याचे असतात, आणि अक्षरे सापडली पण अटॅचमेंटची ओळ नसेल तर थांबून विचारायचे. मोठ्या मेल सेवांमध्ये अशी सूचना मिळते, पण ती कोणत्या शब्दांवर मिळावी हे आपल्या हाती नसते. इथे मी मराठीत जसे लिहिते, तसे शब्द त्यात घातले आहेत.

काही जण म्हणतात, की एवढेच हवे असेल तर मट किंवा निओमट वापरा; मेलचा कार्यक्रम टर्मिनलमध्ये आणि लिहिण्यापुरता तुमचा आवडता एडिटर. विम हा एडिटर वापरणारे बरेच लोक हेच करतात आणि ती चांगली व्यवस्था आहे. तरी दोहोंत एक मूलभूत फरक आहे. मट आपला मसुदा एका तात्पुरत्या फाइलीत घालून एडिटरच्या स्वाधीन करतो आणि परंपरेने एडिटर बंद होईपर्यंत थांबून राहतो. एडिटरला पत्र दिसते, पत्रपेटी दिसत नाही. ईमॅक्समध्ये अर्धवट लिहिलेले उत्तर, ज्याचा संदर्भ हवा तो जुना मेल, ज्यातून आकडा उचलायचा ती टिपणांची फाइल आणि मेलची यादी हे सगळे सारख्याच दर्जाचे बफर असतात. ते शेजारी मांडता येतात, एकातून दुसऱ्यात मजकूर नेता येतो, आणि सगळीकडे त्याच कळा चालतात. मेलच्या यादीतसुद्धा शब्द शोधण्याची आज्ञा तीच, जी कादंबरीएवढ्या फाइलीत चालते.

आता आतली रचना. इथे एक गोष्ट समजून घेतली तर पुढचा गोंधळ टळतो: चांगल्या व्यवस्थेत एडिटर मेल आणण्याचे काम करत नाही. ते वेगळ्या कार्यक्रमाचे काम. माझ्याकडे ते एमबीसिंक करतो, जो आयसिंक या नावाच्या पॅकेजमध्ये मिळतो. तो आयमॅप (सर्व्हरवर ठेवलेले मेल वाचण्याची प्रमाण पद्धत) सर्व्हरवरचे फोल्डर आणि माझ्या डिस्कवरचे फोल्डर एकमेकांशी जुळवतो, इकडचा बदल तिकडे आणि तिकडचा इकडे. पाठवण्यासाठी एमएसएमटीपी हा छोटा कार्यक्रम आहे. आलेल्या मेलची अनुक्रमणिका म्यू नावाचा कार्यक्रम बनवतो. ईमॅक्सच्या वाट्याला उरते ते दाखवणे आणि लिहिणे. ही वाटणी केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. ईमॅक्स बहुतांशी एका वेळी एकच काम करतो, त्यामुळे त्याने स्वतः सर्व्हरशी बोलणी सुरू केली आणि नेटवर्क मंद असले, तर टाइप करणेसुद्धा अडते. काम बाहेरच्या प्रक्रियेकडे सोपवले, की सर्व्हर कितीही रखडला तरी माझे वाक्य रखडत नाही.

डिस्कवर मेल ज्या पद्धतीने साठवला जातो तिचे नाव मेलडिर. डॅनियल बर्नस्टीन यांनी १९९०च्या दशकात क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी ती योजली. त्याआधीच्या एमबॉक्स पद्धतीत एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक असत, आणि दोन कार्यक्रमांनी एकाच वेळी त्या फाइलीला हात लावला तर ती बिघडण्याचा धोका असे. मेलडिरमध्ये प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल असते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये तीन उपफोल्डर: टेंप, न्यू आणि कर. नवा मेल आधी टेंपमध्ये पूर्ण लिहिला जातो, मग न्यूमध्ये सरकवला जातो, आणि पाहिला गेला की करमध्ये. फाइल सरकवणे ही एका घावात होणारी क्रिया असल्याने अर्धा लिहिलेला मेल कुणाच्या दृष्टीस पडत नाही आणि फाइल इतर कार्यक्रमांपासून अडवून ठेवणाऱ्या कुलपाची गरज राहत नाही. मेल वाचला आहे की नाही, त्याला उत्तर दिले आहे की नाही, ही माहितीसुद्धा फाइलच्या नावाच्या शेवटी एकेका अक्षराने लिहिलेली असते: वाचलेला असेल तर एस, उत्तर दिलेले असेल तर आर, खूण केलेली असेल तर एफ. आपला पत्रव्यवहार असा उघड्या, साध्या रूपात डिस्कवर असणे याला मी फार महत्त्व देते. उद्या म्यू किंवा ईमॅक्स यांपैकी काहीही वापरेनासे झाले, तरी त्या फाइली कोणत्याही कार्यक्रमाला वाचता येतील.

याच नावांमध्ये एक बारीक खोच आहे, जी नव्याने सुरुवात करणाऱ्याला हमखास अडवते. एमबीसिंक फाइलच्या नावात सर्व्हरने त्या मेलला दिलेला क्रमांकही लिहून ठेवतो. हा क्रमांक त्या फोल्डरपुरताच खरा असतो. मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवताना फाइल त्याच नावाने गेली, तर जुना क्रमांक नव्या फोल्डरमधल्या एखाद्या क्रमांकाशी भिडतो आणि एमबीसिंक तक्रार करून थांबतो. म्यू४ई या म्यूच्या ईमॅक्समधल्या भागात मेल हलवताना फाइलचे नाव बदलण्याचे एक सेटिंग आहे. एमबीसिंक वापरणाऱ्याने ते पहिल्या दिवशीच चालू करावे.

शोध हा या व्यवस्थेचा दुसरा मोठा लाभ, आणि मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्याने तो कसा साधतो हे समजून घ्यावे. मेल साध्या फाइलीत आहेत, तर ग्रेपसारख्या आज्ञेने शोधता येतील असे कुणालाही वाटेल. इंग्रजी मेलच्या बाबतीत पुष्कळदा ते जमतेही. पण ‘नमस्कार’ हा शब्द घ्या. युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हतालिकेत त्याची ७ चिन्हे होतात, कारण हलन्त आणि काना ही वेगळी चिन्हे आहेत. ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे २१ बाइट. जुन्या सर्व्हरांतून सुखरूप जावे म्हणून मेलमध्ये हे बाइट पुन्हा साध्या अक्षरांत बांधले जातात. कोटेड-प्रिंटेबल पद्धतीत प्रत्येक बाइटसाठी बरोबरचे चिन्ह आणि दोन अंक असा ३ अक्षरांचा खर्च होतो, म्हणजे एका ‘नमस्कार’साठी ६३ अक्षरे; बेस६४ पद्धतीत तोच शब्द २८ अक्षरांत मावतो, पण डोळ्यांना तो निव्वळ अक्षरांचा कचरा दिसतो. विषयाच्या ओळीलाही अशीच वेगळी बांधणी असते. त्यामुळे मराठी मेलची फाइल उघडून त्यात मराठी शब्द शोधला तर हाती काही लागत नाही. म्यू प्रत्येक मेलची ही बांधणी सोडवतो, मजकूर बाहेर काढतो आणि झेपियन या शोधाच्या लायब्ररीच्या मदतीने त्याची अनुक्रमणिका करतो. मग पाठवणारा, विषय, तारखांची कक्षा, अटॅचमेंट आहे की नाही, ती कोणत्या प्रकारची आहे, अशा अटी एकत्र लावून विचारता येते, आणि वर्षानुवर्षांच्या मेलमधून उत्तर डोळ्याचे पाते लवण्याआधी समोर येते. इंटरनेट नसले तरीही.

मराठीचा प्रश्न मात्र एवढ्यावर सुटत नाही. आपल्याकडे नामाला विभक्तीचे प्रत्यय चिकटतात. ‘परिषद’ असे शोधले तर ‘परिषदेत’, ‘परिषदेचा’, ‘परिषदांना’ हे अनुक्रमणिकेच्या दृष्टीने निराळेच शब्द असतात. यावर उपाय सोपा आहे: शब्दाचा न बदलणारा भाग लिहून शेवटी तारांकन द्यावे. ‘पाणी’ आणि ‘पाण्यात’ दोन्ही हवे असतील तर ‘पाण’ इतकेच लिहून पुढे तारांकन. यात ‘पाणबुडी’ही येईल, पण पाठवणाऱ्याचे नाव किंवा तारीख जोडली की असे उपरे निकाल गळून पडतात.

ईमॅक्समध्ये मेलसाठी पर्याय बरेच आहेत, पण गंभीरपणे विचार करावा असे आज तीन. ग्नस हा मुळात बातमीगट, म्हणजे इंटरनेटवरचे जुने सार्वजनिक चर्चागट, वाचण्यासाठी मासानोबू उमेदा यांनी लिहिला आणि लार्स मॅग्ने इंगेब्रिग्त्सेन यांनी १९९४पासून तो नव्याने घडवला. तो ईमॅक्ससोबतच येतो आणि त्याची ताकद अफाट आहे, पण त्याची वृत्ती बातमीगटांची: वाचलेला मेल तो यादीतून लपवतो, आणि मेल कुठे गेला म्हणून नवखा माणूस घाबरतो. नॉटमच हा कार्ल वर्थ यांनी २००९मध्ये सुरू केलेला प्रकल्प. त्यात फोल्डर गौण आणि टॅग प्रमुख. तो मेलच्या फाइलींना शक्यतो हात लावत नाही, टॅग स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि एका विषयावरची सगळी पत्रे एका धाग्यात ओवून दाखवण्यात तो फार सरस आहे. पण हे टॅग सर्व्हरवर पोचत नाहीत, त्यामुळे इथे केलेली वर्गवारी फोनवर दिसत नाही. तिसरा म्यू४ई, म्हणजे डिर्क-यान बिन्नेमा यांच्या म्यूचा ईमॅक्समधला चेहरा. त्यात फोल्डर खरेखुरे असतात; मी इथे मेल संग्रहात हलवला की सर्व्हरवर आणि म्हणून फोनवरही तो संग्रहात दिसतो. मला प्रवासात फोनवर मेल पाहावे लागतात, म्हणून मी म्यू४ई निवडला. ज्यांचे सगळे काम एकाच यंत्रावर होते आणि ज्यांच्याकडे लांबलचक चर्चांचा ओघ असतो, त्यांना मी नॉटमच सुचवीन.

म्यू४ईची एक रीत मला विशेष आवडते. यादीत मेलवर उभे राहून डी दाबले म्हणजे मेल लगेच कचऱ्यात जात नाही. त्यावर फक्त तशी खूण होते. आर दाबले की संग्रहात टाकण्याची खूण, एम दाबले की दुसऱ्या फोल्डरची. सगळी यादी अशी वरून खाली खुणा करत उतरायची, एकदा नजर फिरवायची, एखादा निर्णय बदलावासा वाटला तर खूण काढायची, आणि मग एक्स दाबून सगळे एकदम अमलात आणायचे. निवडणे आणि करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यामुळे सकाळची मेलची छाननी थोड्या वेळात आणि शांत डोक्याने होते. मी आपोआप मेल आणण्याची सोय बंद ठेवली आहे. मला मेल हवे असतात तेव्हा मी ते मागवते. नव्या मेलच्या सूचनेने हातातले वाक्य तुटणे मला मान्य नाही, आणि ज्या एडिटरमध्ये मी लिहिते त्यातच मेल असताना तर हे पथ्य अधिकच पाळावे लागते.

ज्याला आज उत्तर देता येत नाही अशा मेलसाठी ऑर्ग मोड आहे. कार्स्टेन डॉमिनिक यांनी २००३मध्ये सुरू केलेला हा टिपणांचा आणि कामाच्या यादीचा प्रकार ईमॅक्समध्येच असतो. मेल वाचताना एका कळीने कामाची नोंद उघडते, तीत त्या मेलचा दुवा आपोआप येतो, मी तारीख घालते आणि पुढे जाते. हा दुवा फाइलच्या जागेचा नसून मेलच्या हेडरमधल्या मेसेज-आयडीचा असतो. हा आयडी प्रत्येक मेलला पाठवतानाच मिळतो आणि तो बदलत नाही. त्यामुळे मेल इनबॉक्समधून संग्रहात गेला, फाइलचे नाव बदलले, तरी दुव्यावर एंटर दाबले की नेमका तोच मेल उघडतो. इनबॉक्सचा कामाची यादी म्हणून वापर करण्याची सवय माझ्यापुरती इथे संपली.

मराठी लिहिण्याची सोयही सांगायला हवी. ईमॅक्समध्ये देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट (ठरावीक देवनागरी कळफलक) आणि आयट्रान्स (रोमन अक्षरांतून देवनागरी) अशा दोन्ही पद्धती अंगभूत आहेत; कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबली की लिपी बदलते, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काही बसवावे लागत नाही. २०२०मध्ये आलेल्या २७व्या आवृत्तीपासून अक्षरे जोडण्याचे काम हार्फबझ ही लायब्ररी करते, त्यामुळे जोडाक्षरे आणि रफार नीट दिसतात, अर्थात फॉन्ट चांगला असेल तर. ओळी ठरावीक रुंदीवर तोडण्याची जुनी रीत मात्र देवनागरीला मानवत नाही, कारण चिन्हांची संख्या आणि दिसणारी रुंदी यांचा मेळ बसत नाही आणि ओळी ओबडधोबड तुटतात. मी ओळी तोडतच नाही. पडद्यावर त्या एडिटर दुमडून दाखवतो, आणि पाठवताना फॉरमॅट-फ्लोड ही पद्धत वापरली की समोरच्याचा कार्यक्रम त्या आपल्या रुंदीप्रमाणे पुन्हा जुळवू शकतो.

आता अडचणी. पहिली एचटीएमएलची. आजचे पुष्कळसे मेल, विशेषतः कंपन्यांकडून येणारे, वेबपानासारखे सजवलेले असतात. ईमॅक्स एचटीएमएल दाखवू शकतो, साध्या तक्त्यांपर्यंत ते बरे दिसते, पण रकान्यांत रकाने घालून रचलेले पत्रक तो विस्कटून टाकतो. अशा वेळी एका आज्ञेने तो मेल ब्राउझरमध्ये उघडावा, त्यात कमीपणा मानू नये. उलट बाजूला एक मोठा फायदा आहे: बाहेरून येणारी चित्रे म्यू४ई आपणहून आणत नाही. अनेक जाहिरातींच्या मेलमध्ये एका ठिपक्याएवढे अदृश्य चित्र असते, आणि ते सर्व्हरवरून मागवले गेले की तुम्ही मेल केव्हा उघडला हे पाठवणाऱ्याला कळते. चित्र मागवलेच नाही तर कळवलेही जात नाही. ही पाळत न ठेवू देणे हा मला हक्काचा भाग वाटतो, आणि इथे तो मुळातच मिळतो.

दुसरी अडचण अधिक कठीण आहे, आणि ती एडिटरची नसून सेवादात्यांची आहे. पूर्वी नाव आणि पासवर्ड दिले की आयमॅप सर्व्हर आत घेत असे. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही सोय ३० मे २०२२पासून बंद केली; तिथे आता द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, आणि तो एमबीसिंकला चालतो. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२पासून एक्सचेंज ऑनलाइन या संस्थांसाठीच्या आपल्या मेल सेवेतली साधी पासवर्डची पद्धत बंद करायला घेतली आणि ओऑथ, म्हणजे पासवर्डऐवजी तात्पुरत्या परवानगीची खूण (टोकन) देण्याची पद्धत, सक्तीचे केले. ओऑथसाठी ब्राउझरमधून परवानगी घेऊन टोकन मिळवणारा, ते वेळोवेळी ताजे करणारा आणि एमबीसिंकच्या हाती देणारा एखादा मदतनीस कार्यक्रम लागतो, शिवाय ओळख पटवण्याचे काम करणाऱ्या सासल या लायब्ररीचे योग्य प्लगिन. हे जमते, पण वेळ खाते. संस्थेच्या प्रशासकाने आयमॅपच बंद ठेवला असेल तर एक्सचेंजचे मेल आयमॅपच्या रूपात पुरवणारा डेव्हमेलसारखा मधला दुवा वापरून पाहता येतो. तोही नाकारला गेला तर त्या खात्यासाठी ब्राउझरच वापरावा लागतो. सुरक्षेचा हेतू मला मान्य आहे. पण खुल्या मानकांवर उभ्या असलेल्या ईमेलमध्ये कोणत्या कार्यक्रमातून पत्र वाचावे हे सेवादात्याने ठरवावे, ही दिशा मला चिंतेची वाटते.

जीमेलच्या आणखी दोन लकबी ध्यानात ठेवाव्यात. तिथली लेबले आयमॅपमध्ये फोल्डर बनून येतात, त्यामुळे एकच मेल इनबॉक्समध्ये आणि ‘सर्व मेल’मध्ये असा दोनदा उतरतो, म्यू४ई शोधाच्या निकालात दुसरी प्रत लपवतो, पण डिस्कवर जागा जातेच. आणि पाठवलेल्या मेलची प्रत जीमेल स्वतः ठेवतो, म्हणून म्यू४ईला ती ठेवू नकोस असे सांगावे लागते, नाहीतर प्रत्येक उत्तर दोनदा दिसते.

पासवर्ड साध्या फाइलीत लिहून ठेवू नयेत, हे सांगायला नकोच. ईमॅक्स जीपीजी या एन्क्रिप्शनच्या कार्यक्रमाने कुलूपबंद केलेली फाइल स्वतः वाचू शकतो, आणि एमबीसिंकला पासवर्ड मिळवण्यासाठी एखादी आज्ञा चालवायला सांगता येते, तेव्हा दोघांनाही एकाच कुलूपबंद फाइलीतून पासवर्ड पुरवता येतो. मेल मात्र डिस्कवर उघडे असतात. म्हणून लॅपटॉपची पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असल्याशिवाय ही व्यवस्था करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना ईमॅक्स मुळीच येत नाही त्यांनी केवळ मेलसाठी तो शिकावा असे मी म्हणणार नाही. मेलच्या निमित्ताने एडिटर, सिंक, अनुक्रमणिका आणि ओऑथ या चार गोष्टी एकदम अंगावर घेतल्या तर कशातच मन लागत नाही. जे आधीच ईमॅक्समध्ये लिहितात त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी उरतो तो काही तासांचा सेटिंगचा भाग.

तो भाग निर्धास्तपणे करण्याचा एक मार्ग आहे. एमबीसिंकच्या सेटिंगमध्ये सिंकची दिशा फक्त ‘पुल’ अशी ठेवता येते. मग मेल सर्व्हरवरून खाली येतात, पण इथे केलेले काहीही वर जात नाही. या स्थितीत म्यूची अनुक्रमणिका बनवावी आणि आठवडाभर फक्त शोधावे, वाचावे, खुणा करून पाहाव्यात, हवे तर इथला सगळा फोल्डर पुसून पुन्हा आणावा. सर्व्हरवरच्या मूळ मेलना धक्का लागत नाही. मग एमएसएमटीपी बसवून स्वतःलाच देवनागरीत एक मेल पाठवावा, विषय आणि अटॅचमेंटच्या फाइलचे नावही देवनागरीत ठेवावे, आणि तो फोनवर उघडून तिन्ही गोष्टी नीट दिसतात का ते पाहावे. हे झाल्यावर हलवताना नाव बदलण्याचे वर सांगितलेले सेटिंग चालू आहे याची खात्री करावी, आणि मगच सिंक दोन्ही दिशांनी सुरू करावे.